चार तारांचं नाक

पिवळा दिवा लागला तेव्हा मी म्हणालो, लागू दे.
बावीस वर्षांच्या झेनला एवढा हक्क आहे.
हेमलता म्हणाली, पेट्रोलचा वास येतोय.
मला येत नव्हता.
तीन वर्षांपूर्वीच्या तापानंतर मला कसलाच येत नाही,
उतू गेलेल्या दुधाचा नाही, सुकटीचा नाही,
पण हे मी दरवेळी विसरतो
आणि तिलाच म्हणतो, तुला भास होतात.

लिटरला चौदा देणारी नऊवर आली.
लक्ष्मीनगरच्या उतारावर मुनीरभाईंनी
सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवलं,
काजळ धरावं तसं बाहेर काढून दाखवलं.
"साहेब, हिचं नाक गेलंय."

नाक?
"धुराच्या वाटेत बसवलेलं असतं. हुंगतं आणि वर कळवतं,
पेट्रोल जास्त झालं, आवर. हवा जास्त झाली, सोड.
सारखं चालू असतं त्याचं.
ते गेलं की वरचं डोकं घाबरतं,
आणि घाबरलं की ओतत बसतं."

मी खिशात हात घालून उभा.
भाचीच्या लग्नात अत्तर लावलं होतं मी, पाऊण बाटली.
कोणी काही बोललं नाही.
पंगतीत माझ्या दोन्ही बाजूंची पानं
उशिरापर्यंत रिकामी होती.

नाना पेठेत ओस्तवालांच्या काउंटरवर तीन वस्तू.
जपानी, सहा हजार आठशे:
तुमच्याच गाडीचा सॉकेट, खुट्ट करून बसवा नि विसरा.
दुसरा कुठल्याही गाडीला चालणारा, चौदाशे पन्नास,
सॉकेट नाही, नुसत्या चार तारा,
दोन पांढऱ्या, एक काळी, एक करडी,
जुन्याच्या कापून जोडायच्या.
तिसरा वर्तमानपत्रात गुंडाळलेला, पाचशे,
कुठल्याशा ठोकलेल्या गाडीतून उतरवलेला,
टोकावर अजून तिचा धूर.

नाकापेक्षा मोती जड, ऐकलं होतं.
इथे गाडीपेक्षा नाक.
काउंटरवरचा पोऱ्या मला बघत होता,
मी खोकी उचलून ठेवत होतो, पुन्हा उचलत होतो,
जणू वजनावरून काही कळणार होतं.

मुनीरभाईंना फोन लावला.
"दुसरा आणा, चालतोय. फक्त कोणाकडून डाग देऊन आणू नका,
मी चिमटा मारून जोडतो.
कथिल गेलं की तार बुजते,
आणि हा बाबा श्वास तारेतूनच घेतो."

तारेतून?

"मग! धूर कसा आहे ते कळायला
त्याला थोडी बाहेरची हवा लागते.
तारेच्या पदरांतून आत झिरपते ती.
दोन्हींत फरक किती, एवढंच त्याला कळतं.
नुसता धूर दिला तर त्याला काय, तेच जग."

फोन ठेवला. साडेबारा.
टेम्पो, ग्रीस, शेजारी मिरची भजी तळणारा,
गटाराचं उघडं झाकण.
मी छाती भरून श्वास घेतला.
गरम होता, एवढंच.

जपानी घेतला.
का, ते नीट सांगता येणार नाही.
चिमट्याच्या चार जोडांवर भरवसा नव्हता म्हणा,
किंवा पोऱ्या हसल्यासारखा वाटला म्हणा.
घरी साडेचार हजार सांगितले.

जुना निघेना. गंजून एकजीव झालेला.
रात्रभर तेल सोडून ठेवला,
सकाळी मुनीरभाई अख्खे पान्यावर लोंबकळले तेव्हा
करकरून सुटला,
अंगठ्याएवढा, काळाकुट्ट.
तो मी मागून घेतला. खिशात ठेवला. शर्ट गेला.

संध्याकाळी तिला घेऊन पर्वतीच्या पायथ्यापर्यंत चक्कर.
दिवा लागला नाही.
सिग्नलला मी विचारलं, येतोय का?

तिने हँडल फिरवून काच खाली केली,
बाहेरची हवा घेतली.
काच वर केली, आतली घेतली.
थोडा वेळ काही बोलली नाही.

"नाही येत," म्हणाली.
"आता खरे किती पडले ते सांग."